दीड इंच जादा

शिवणाच्या बाईंना हेडसरांचं बोलावणं आलं तेव्हा त्यांचा उजवा हात एका फ्रॉकच्या बाहीत होता आणि तोंडात चार टाचण्या होत्या. टाचण्या काढून त्या तशाच गेल्या. बाही काढायची राहिली. त्यामुळे हेडसर जे काही बोलले, ते त्यांनी निळ्या फुलांच्या अर्धवट शिवलेल्या बाहीनिशी ऐकलं.

हेडसर परिपत्रक उभ्याने वाचत होते. परिपत्रक ते नेहमी उभ्यानेच वाचत. बसून वाचलं तर त्याला राग येतो, असा त्यांचा समज असावा.

“बाई, सोमवारपासून शिवणाचा वर्ग बंद. त्या खोलीत आता रोबोटिक्स.”

“आणि मी?”

“तुम्ही त्याच खोलीत.”

“कशाला?”

“शिकवायला. तुमचा मशीनवर हात बसलेला आहेच.”

“सर, माझं मशीन पायाने चालतं.”

“हे विजेवर चालतं. पायांना तेवढाच आराम.” मग त्यांनी कागद उलटला आणि आवाज जरा खाली आणला. “तीन महिन्यांनी समिती येणार आहे. त्यांना पसंत पडलं तर वर्ग राहील. नाही पडलं तर खोलीला कुलूप, आणि तुमची सोय भांडारात.”

भांडार म्हणजे हेडसरांच्या खोलीसमोर, जिन्याखाली, एक बिनखिडकीची कोठडी होती. फुटके पृथ्वीगोल, जुन्या उत्तरपत्रिका, खडू आणि फडकी यांच्यासोबत तिथे चित्रकलेचे मास्तर राहत. म्हणजे राहत घरीच, पण शाळेच्या वेळात तिथे ठेवलेले असत. दोन वर्षांपूर्वी चित्रकलेचा तास बंद झाला आणि मास्तरांची अशीच सोय लागली. तेव्हापासून ते फडकी मोजत. मोजून झाली की पुन्हा मोजत. मधल्या सुट्टीत बाहेर आले की कुणाशी फारसं बोलत नसत. डोळे उजेडाला सरावेपर्यंत सुट्टी संपलेली असे.

बाईंच्या निवृत्तीला चार वर्षं होती. एकोणतीस वर्षं त्यांच्याभोवती रोज पोरांचा गलबला होता. चार वर्षांत किती फडकी मोजून होतील, याचा हिशेब त्या घरी पोचेपर्यंत करत होत्या.

सोमवारी खोका आला. त्यात चाकं, मोटरी, रंगीत वायरी, लहान लहान हिरव्या पट्ट्या आणि एक पुस्तिका होती. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर रोबो हातात घेतलेलं एक हसरं मूल होतं, शेवटच्या पानावर तेच मूल आणखी जास्त हसत होतं. मधल्या साठ पानांत ते इतकं खूश का झालं, याचा काही पत्ता लागत नव्हता. खोक्यासोबत कंपनीचा एक प्रशिक्षकही दोन तासांसाठी आला. त्याने नमुन्याची एक गाडी जोडून टेबलावर फिरवली, मुलांसोबत फोटो काढला, “मुलं आपलं आपणच शिकतात हो,” असं बाईंना सांगितलं आणि गेला. मुलं आपलं आपणच शिकतात हे खरं असेल, पण मग या माणसाला प्रशिक्षक का म्हणतात, हे बाईंना कळलं नाही.

घरी त्यांना बसवेना. हात मोकळे होते, आणि मोकळ्या हातांची बाईंना सवय नव्हती. त्यांनी एक उशीचा अभ्रा उसवला आणि पुन्हा शिवला. मग दुसरा उसवला.

“अगं, तो चांगला होता,” नवरा म्हणाला. हे गृहस्थ बस डेपोत वेळापत्रकं आखायचे काम करत. वर्तमानपत्रसुद्धा ते ठरलेल्या पानापासून ठरलेल्या पानापर्यंत वाचत.

“चांगला होता म्हणूनच उसवता आला. अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“कशातलं?”

“रोबोतलं.”

“मग शिवणातलं कसं कळलं होतं?”

“ते आईने शिकवलं.”

“त्याआधी?”

बाईंनी तिसऱ्या अभ्र्याला कात्री लावली. कोणी शिकवायच्या आधी, नऊ वर्षांच्या असताना, त्यांनी आईचा एक नवाकोरा ब्लाउज शिवणीशिवणीने उसवून जमिनीवर पसरला होता. तो कसा बेतलाय ते बघायला. त्यासाठी मारही खाल्ला होता, पण बेत मात्र कळला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तिका कपाटात टाकली आणि नमुन्याची गाडी कापडं बेतायच्या लांबलचक टेबलावर ठेवली.

“ही उसवायची,” त्या म्हणाल्या.

वर्गात नऊ मुलं होती. त्यातली तीन बाईंना पुरून उरणारी. एक होती बटण. दहा वर्षांची, गोल चेहऱ्याची. शिवणाच्या पहिल्या दिवशी तिने शर्टाचं बटण स्वतःच्या स्कर्टला घट्ट शिवून टाकलं होतं, तेव्हापासून तेच नाव. दुसरा लांब्या, ज्याची पँट दर महिन्याला चार बोटं आखूड व्हायची. आणि तिसरी वकीलबाई. ही साक्षीदाराला घोळात घेतल्यासारखे प्रश्न विचारायची, आणि उत्तर मिळालं की ते पुन्हा वाचून दाखवल्यासारखं म्हणून घ्यायची.

“म्हणजे बाई, चालू असलेली गाडी आपण मोडायची,” वकीलबाई म्हणाली.

“उसवायची. मोडणं वेगळं.”

“फरक काय?”

“उसवलेलं परत शिवता येतं.”

प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वायर काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. प्रत्येक तुकड्याभोवती शिंप्याच्या खडूने रेघ मारली, शेजारी आकडा घातला. मग आकड्यांच्या उलट क्रमाने जोडणी. पहिल्यांदा जोडली तेव्हा गाडी मागे गेली. दुसऱ्यांदा जागच्या जागी गरगर फिरली. एक मोटर उलटी बसली होती, ते बटणने शोधलं. सातव्यांदा गाडी सरळ गेली, आणि तोवर नऊही जणांना डोळे मिटून सांगता येत होतं की लाल वायर कुठली आणि ती कशाला.

खोक्यासोबत आलेल्या कॉम्प्युटरचं मात्र अवघड होतं. बाईंनी त्याला हातच लावू दिला नाही.

“आधी तोंडी. मग कागदावर. मग त्याच्यावर,” त्यांनी बजावलं. “लांब्या, तू गाडी. बटण, तू सांग त्याला काय करायचं. जे सांगेल तेवढंच करायचं, आपल्या मनाचं काही नाही.”

“पुढे जा,” बटण म्हणाली.

लांब्या पुढे गेला आणि कपाटावर आदळला.

“अरे, थांबायचं नाही का?”

“तू म्हणाली नाहीस,” कपाटाला नाक लावून लांब्या म्हणाला.

“ऑर्डर स्पष्ट नव्हती,” वकीलबाईने निकाल दिला.

असं तीन दिवस चाललं. लांब्याच्या कपाळावर दोन टेंगळं आली, पण नऊ मुलांना कळलं की यंत्राला समजूत नसते, त्याला शब्द लागतात. मग एकदा एकाने कागदावर ‘एक पाऊल पुढे, एक पाऊल पुढे’ असं सोळा वेळा लिहिलेलं बाईंनी बघितलं.

“मी टीप मारायला सांगते तेव्हा दर टाक्याला ‘आता टाका घाल’ म्हणते का?”

“नाही. ‘कडेपर्यंत मार’ म्हणता.”

“मग?”

मुलाने पंधरा ओळी खोडल्या आणि वर लिहिलं, ‘सोळा होईपर्यंत मार.’ याला काहीतरी भारी इंग्रजी नाव आहे हे बाईंना नंतर कळलं. त्यांनी ते फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवलं, पाहुणे आल्यावर लागेल म्हणून.

गाडी किती पुढे जाते हे कसं मोजायचं, हा पुढचा प्रश्न होता. बटणने गळ्यातली टेप काढून चाकाभोवती गुंडाळली, कमरेचं माप घेतात तशी. चाकाची कंबर भरली आठ इंच. म्हणजे चाकाचा एक फेरा म्हणजे आठ इंच वाट. मग इंच सांगायचे आणि फेरे किती ते कॉम्प्युटरने काढायचे, असा प्रोग्राम लांब्याने लिहिला. बाईंना तो वाचता आला नाही, पण त्याची शिलाई सरळ दिसत होती.

आणि हे सगळं शिकवताना बाईंनी, विशेष काही शिकवतोय हे ध्यानातही न येता, आणखी एक गोष्ट शिकवली. माया. शिंप्यांच्या बोलीत माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. माप घेताना दीड इंच वर धरायचं. “कमी पडलं तर आभाळातून कापड पडत नाही, जास्त झालं तर आत दुमडता येतं,” हे वाक्य या खोलीत एकोणतीस वर्षं इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की भिंतींनाही पाठ झालं असावं. मुलांनी वायर कापताना दीड इंच माया ठेवली. गाडीचा पुठ्ठा कापताना ठेवली. सगळं छान बसलं.

समितीपुढे काय करून दाखवायचं यावर हेडसरांचं मत पक्कं होतं.

“रोबोने अध्यक्षांना गुलाब द्यायचा आणि दोन शब्द बोलायचे.”

“सर, आमच्या गाडीला हात नाही,” लांब्या म्हणाला.

“आणि तोंड पण नाही,” बटण म्हणाली.

“मग आहे काय?”

“पाठ आहे.”

शेवटी असं ठरलं की पाठीवर पाण्याचा ग्लास ठेवून गाडीने टेबलाच्या एका टोकाहून निघायचं आणि अध्यक्षांपुढे नेमकं थांबायचं. बेतायच्या टेबलावर सराव सुरू झाला. गाडी दर वेळी अध्यक्षांसाठी मांडलेल्या रिकाम्या खुर्चीच्या थोडी पुढे जाऊन थांबे. टेबल भलतं लांब, पुढे हातभर जागा मोकळी, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. लांब्याने अध्यक्षांची खुर्चीच जराशी पुढे सरकवली. माप जमत नसलं की माणूस सरकवायचा, ही मोठ्या मोठ्या कचेऱ्यांतली रीत त्या पोराला कुणी न शिकवता आली होती.

बाईंचं लक्ष मात्र कशातच लागत नव्हतं. घरी पाणी तापवतानाही त्यांना मोटरीचा आवाज ऐकू येई. जिन्यावरून जाताना भांडाराच्या दाराकडे बघायचं नाही असं ठरवून त्या रोज बघत. मास्तर आत स्टुलावर बसलेले असत, हातात फडकं. एकदा त्यांनी बाईंकडे बघून मान हलवली. त्यात वाईट काही नव्हतं, शेजारी राहायला येणाऱ्या माणसाला बघून हलवतात तशीच हलवली होती. बाईंनी त्या दिवशी घरातले पडदे उसवले.

समितीच्या दिवशी सकाळी हेडसर खोलीत आले आणि नाक आक्रसून म्हणाले, “इथे तेलाचा वास येतोय. कार्यक्रम माझ्या ऑफिसात.”

“सर, तिथलं टेबल वेगळं आहे.”

“चांगलं आहे. त्यावर पांढरा कपडा घातलाय, इस्त्री करून.”

“मग एकदा गाडी चालवून बघू त्याच्यावर,” सामान घेऊन ऑफिसात पोचल्यावर बाई म्हणाल्या.

“चाकं लागून डाग पडतील. पाहुणे आले की एकदाच चालवा.”

“सर, ट्रायल घेतल्याशिवाय मी आजवर एक परकरसुद्धा कुणाला दिलेला नाही.”

“बाई, ही समिती आहे. परकर नाही.”

याला उत्तर होतं. बाईंना ते घरी गेल्यावर सुचलं असतं. त्या वेळी त्यांनी मान डोलावली, कारण ऑफिसच्या उघड्या दारातून समोरची कोठडी दिसत होती.

मुलांनी घाईघाईने नवीन माप घेतलं. गाडीच्या पुढच्या चाकांपासून अध्यक्षांपुढच्या जागेपर्यंत सत्तर इंच. त्यापुढे चार इंचांवर टेबलाची कड, कपड्याच्या घडीखाली झाकलेली. बटणने मोजलं, आकडा चिठ्ठीवर लिहिला. लांब्याने तो कॉम्प्युटरमध्ये घातला. बाईंनी चष्मा लावून शेवटचं तपासलं. दार वाजलं.

समिती तीन जणांची होती. अध्यक्ष, जे घड्याळाकडे बघत आत आले आणि घड्याळाकडे बघतच बसले. एका कारखान्यातल्या इंजिनियर बाई, ज्यांनी आल्या आल्या गाडी उचलून खालून बघितली. आणि एक कारकून, जो लिहीत होता. अजून कुणी काही बोललं नव्हतं, तरी लिहीत होता.

वकीलबाईने ग्लास ठेवला. लांब्याने कळ दाबली. गाडी निघाली. पांढऱ्या कपड्यावरून ती इतकी डौलात चालली की हेडसरांनी टाळी वाजवायला हात जवळ आणले. ती अध्यक्षांपुढे आली. अध्यक्षांनी हात पुढे केला. गाडी हाताला वळसा न घालता, न थांबता, कुणाची ओळख नसल्यासारखी पुढे गेली आणि टेबलावरून खाली पडली. ग्लास मात्र तिच्यासोबत गेला नाही. तो अध्यक्षांच्या फायलीवर उपडा झाला.

टाळी हेडसरांच्या हातांतच राहिली.

“बॅटरी,” ते म्हणाले. “बॅटरी उतरली. होतं असं. बाई, बॅटरीच ना?”

बाईंना कळलं की ही पळवाट त्यांच्यासाठी ठेवली आहे. ‘हो, बॅटरी’ एवढंच म्हणायचं. बॅटरीला कुणी भांडारात पाठवत नाही. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

“बॅटरी उतरली असती तर गाडी अलीकडे थांबली असती, सर,” वकीलबाई म्हणाली. “ही पलीकडे गेली. आणि बॅटरी मी सकाळी भरलीय. लांब्या, तू आकडा किती घातलास?”

लांब्याचे कान लाल झाले. “त्र्याहत्तर.”

“माप सत्तर होतं.”

“मग याचीच चूक,” हेडसर म्हणाले. त्यांना मोठा आधार मिळाल्यासारखं वाटलं. “पोरगं आहे. घाई केली.”

“चिठ्ठीवर सत्तर नव्हतं,” लांब्या पुटपुटला. “साडेएकाहत्तर होतं.”

सगळे बटणकडे वळले. “मी माया ठेवली,” ती म्हणाली.

“मी पण,” लांब्या म्हणाला. “दीड इंच. नेहमीसारखी.”

वकीलबाईने मान हलवली. “सत्तरला दीड, साडेएकाहत्तर. त्याला दीड, त्र्याहत्तर. तरी गाडी पडायला नको. कड चौऱ्याहत्तरावर आहे. एक इंच शिल्लक राहतो.” ती कॉम्प्युटरपाशी गेली, वाकली आणि सरळ झाली. “इथे साडेचौऱ्याहत्तर आहे.”

कारकुनाने तोही आकडा लिहून घेतला.

“तिसरी माया माझी,” बाई म्हणाल्या.

एकदा टीप धरल्यावर त्या मध्ये सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. “तपासताना मी आकडा बघितला आणि हात आपोआप गेला. आणि या दोघांचीही माझीच. मी शिवण शिकवते. कापडाला जादा ठेवलं तर बिघडत नाही, आत दुमडतात. रस्त्याला दुमडता येत नाही, हे मला सुचलं नाही. मुलांनी मी शिकवलं ते बरोबर केलं. त्यांची चूक नाही. बॅटरीचीही नाही.”

हेडसर छताकडे बघत होते. तिथे पंखा होता.

इंजिनियर बाईंनी खुर्ची पुढे ओढली. “जादा धरायचं कुणी, हे ठरलं नव्हतं?”

“नाही.”

“आमच्या कारखान्यात मागे एक दरवाजा बसत नव्हता. आखणाऱ्याने थोडं जादा धरलं, कापणाऱ्याने थोडं, जोडणाऱ्याने थोडं. मोठी मोठी माणसं एकमेकांच्या नावाने बोटं मोडत होती. कारण सापडायला सात आठवडे गेले.” त्यांनी वकीलबाईकडे बघितलं. “हिला किती वेळ लागला?”

“चार मिनिटं,” अध्यक्ष म्हणाले. घड्याळ त्यांच्यासमोर होतंच. “चला, निघू या. पुढची शाळा आहे.”

“अजून झालं नाही,” वकीलबाई म्हणाली.

“काय झालं नाही?”

“सत्तर घालून चालवायचंय. कारण हेच होतं, हे सिद्ध कुठे झालंय?”

अध्यक्षांनी आयुष्यात पुष्कळ शाळा तपासल्या होत्या, पण शाळेने त्यांना अडवल्याचा प्रसंग पहिलाच. ते बसले. सत्तर घातलं. ग्लास भरला. गाडी निघाली आणि अध्यक्षांच्या तिसऱ्या बोटासमोर थांबली. त्यांनी पाणी प्यायलं आणि उठायला लागले.

“एकदा जमलं तर नशीब असू शकतं,” वकीलबाई म्हणाली.

त्या दिवशी अध्यक्षांना चार ग्लास पाणी प्यावं लागलं. तिसऱ्यानंतर त्यांनी घड्याळाकडे बघायचं सोडलं आणि गाडीकडे बघायला लागले. चौथ्याला तर त्यांनी स्वतःच कळ दाबली. तोवर बाईंनी शिवणखोलीतून इस्त्री मागवली होती आणि त्या भिजलेली फाईल, वर सुती फडकं टाकून, पान पान वाळवत होत्या. हातांना काम मिळाल्यावर त्यांना जरा श्वास घेता आला.

“हिला कड दिसेल अशी सोय नाही का करता येत?” जाताना इंजिनियर बाईंनी विचारलं. “म्हणजे आकड्यावर विसंबायला नको.”

“खोक्यात एक डोळा आहे,” बटण म्हणाली. “अजून उसवला नाही.”

नंतरचे सोळा दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांच्या घरातल्या कापडांना विचारावं. उसवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्या शेजाऱ्यांकडे जाऊन काही दुरुस्त करायचंय का विचारू लागल्या. हेडसर त्यांच्याशी अत्यंत गोड बोलत होते, आणि त्यामुळे तर त्यांची झोपच उडाली.

सतराव्या दिवशी कागद आला. हेडसरांनी तो उभ्याने वाचला. “उपक्रम स्तुत्य. वर्ग कायम ठेवावा. प्रशिक्षित शिक्षकाची नेमणूक होईपर्यंत सध्याच्या शिक्षिकेकडे सोपवावा.”

“म्हणजे मी राहिले?” बाईंनी विचारलं.

“राहिलात.”

“होईपर्यंत.”

“होईपर्यंत,” हेडसर म्हणाले आणि घडी घालून कागद खिशात ठेवला.

संध्याकाळी त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं. ते पहिल्यांदाच ठरलेल्या पानाआधी वर्तमानपत्रातून बाहेर आले.

“होईपर्यंत? अगं, मग काळजी कसली. आमच्या डेपोत भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा नवीन येईपर्यंत म्हणून टेबलावर एक गजराचं ठेवलं. मी नोकरीला लागलो तेव्हा ते होतंच. सेवाज्येष्ठतेत ते माझ्या वर आहे.”

“घड्याळ वेगळं. माणूस कधीतरी येतोच.”

“तात्पुरत्या गोष्टीइतकं टिकाऊ काही नाही.”

“अहो, पण उद्या आला तर?”

वेळापत्रकवाले गृहस्थ पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. उद्या काय येईल हे त्यांचं खातं कधीच छातीठोक सांगत नसे.

बाईंनी ठरवलं की तो येईल तेव्हा येईल, तोवर मुलांना जेवढं म्हणून घालता येईल तेवढं घालायचं. दुसऱ्याच दिवशी डोळा उसवला. आठवड्यात गाडी कड बघून आपली आपण थांबायला लागली. मग तिला हात केला, गुलाबासाठी नव्हे, पडलेल्या टाचण्या उचलायला. मग कापडाच्या कडा बांधायचं, बंद पडलेलं ओव्हरलॉकचं मशीन उघडलं. कोण जादा धरणार त्याचं नाव आता फळ्यावर रोज लिहिलं जाई, आणि एका कामाला एकच नाव असे.

“बाई, जरा हळू,” लांब्या म्हणाला. “कालचंच अजून डोक्यात चाललंय.”

“डोक्यात चालू दे. हाताने पुढचं घे.”

“पण घाई कशाची?” वकीलबाईने विचारलं.

बाई फळ्याकडे वळल्या. व्हरांड्यात पावलं वाजली की त्यांचा खडू थांबे, पावलं पुढे गेली की पुन्हा चालू होई. मुलांनाही ती सवय लागली. नऊ माना दाराकडे वळत आणि परत येत.

एका मंगळवारी पावलं पुढे गेली नाहीत. दारावर टकटक झाली. बाहेर एक अनोळखी माणूस उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात कातडी बॅग. बटणने हातातला स्क्रू मुठीत घट्ट धरला. लांब्या गाडीसमोर जाऊन उभा राहिला, कुणी नेऊ नये म्हणून असावं. बाईंनी पदर खोचला आणि दाराशी गेल्या.

“रोबोटिक्सची खोली हीच का?” माणसाने विचारलं.

“हीच.”

“हेडसरांनी पाठवलंय. पंखा आवाज करतोय म्हणाले.”

बाईंनी त्याच्या बॅगेकडे बघितलं. तिच्यातून पान्याची मूठ बाहेर आली होती. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की माणूस एक पाऊल मागे सरला.

“आत या,” त्या म्हणाल्या. “पंखा खाली उतरवायला मदत करा. पण उघडायचा तुम्ही नाही. तुम्ही स्टुलावर बसायचं आणि ही मुलं विचारतील ते सांगायचं.”

माणसाने नऊ पोरांकडे बघितलं. वकीलबाई वही उघडून त्याच्यासमोर येऊन उभीही राहिली होती.

“यांना येतं पंख्याचं काम?”

“सुट्टीपर्यंत येईल,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दाराला आतून कडी लावली.